सुनेशी अबोला धरलेला ट्रक

नऊ वर्षं वजनकाट्यावर बसलेल्या बाईला लोक काटेवाली म्हणणार, यात नवल ते काय. रस्त्याच्या कडेला जमिनीत बसवलेला लोखंडी काटा, त्याला चिकटून एवढीशी खोली, खोलीला खिडकी आणि खिडकीत ती. ट्रक काट्यावर चढायचा, ती आकडा वाचायची, पावतीवर उतरवायची आणि म्हणायची, "पुढे घ्या." ड्रायव्हर लोक गोडीगुलाबीने म्हणायचे, "ताई, पाचपन्नास किलो इकडचे तिकडे करा की." ताई मान वर न करता म्हणायची, "पुढे घ्या." दमदाटी करणारेही यायचे. त्यांनाही तेच ऐकावं लागायचं.

अशाच एका दुपारी उस्ताद काट्यावर आले. उस्ताद म्हणजे त्या भागातले सगळ्यात जुने ट्रकवाले. पस्तीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही, आणि ही गोष्ट ते ओळख झाल्यावर पाचव्या मिनिटाला सांगत. त्यांनी मुद्दामच वजन कमी लिहिण्याची गळ घातली. हिने दाद दिली नाही. त्यांनी आवाज चढवला, हिने खिडकी लावून घेतली. उस्ताद मिशीतल्या मिशीत हसत घरी गेले आणि बायकोला म्हणाले, "आपल्याला सून मिळाली." त्यांचा मुलगा औषधांच्या दुकानात कामाला होता. त्याचा आणि ट्रकचा संबंध एवढाच, की लहानपणी ट्रकमध्ये बसला की त्याला उलटी व्हायची. तरी त्या दोघांनी एकमेकांना पाहिलं, ते चारदा भेटले, एकमेकांना आवडले आणि लग्न झालं. उस्ताद मात्र आजही सांगतात की सून त्यांनी स्वतः काट्यावर पारखून आणली.

घरात आल्यावर सहा महिन्यांनी तिने सासऱ्यांना विचारलं, "बाबा, मला गाडी शिकवाल?" खरं तर हा प्रश्न ती नऊ वर्षं पोटात ठेवून होती. रोज शंभर गाड्या नजरेसमोरून पुढे जायच्या आणि ही तिथेच बसलेली. बाबांनी हातातला पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "चपला घाल."

बंद पडलेल्या एका कारखान्याच्या पटांगणात दोन वर्षं शिकवणी चालली. शिकवणारा तोंडाचा फटकळ आणि शिकणारी हट्टी, त्यामुळे शेजारच्या इमारतीतल्या लोकांची चांगली करमणूक झाली. आधी आरसा, मग हँडब्रेक, मग क्लच. गियर टाकताना खाली बघितलंस तर उतर आणि चालत घरी जा. ती तीनदा चालत घरी गेली. चौथ्यांदा गेली नाही. तिला लायसन्स मिळालं त्या दिवशी बाबा कोणाला काही बोलले नाहीत, फक्त चारपाच दुकानांत विनाकारण जाऊन आले.

गाडी म्हणजे त्यांचा निळा ट्रक. चार वर्षांपूर्वी बाटल्या भरणाऱ्या एका कंपनीकडून जुना घेतलेला. आता त्यावर खिडक्यांच्या काचा जायच्या, लाकडी चौकटींत उभ्या बांधलेल्या. काच वाहायला हात हलका लागतो. बाबा गाडी चालवायचे तेव्हा मागच्या काचा किणकिणतसुद्धा नसत. पण वय झालं तसा त्यांचा डावा डोळा दगा देऊ लागला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, कडेचं दिसत नाही, गाडी बंद. त्या संध्याकाळी बाबा जेवले आणि लगेच झोपायला गेले. सकाळी त्यांनी स्वतःच्या खिशातली चावी काढली, कपाटातल्या डब्यातली जादा चावी काढली, दोन्ही एका नव्या कोऱ्या कडीत ओवल्या आणि तो जुडगा सुनेच्या हातावर ठेवला.

"घे. दोन्ही तुझ्या. मागेपुढे काही ठेवलेलं नाही," ते म्हणाले.

तशीच ती खाली गेली, केबिनमध्ये चढली, चावी लावली आणि फिरवली. इंजिन एकदा घरघरलं आणि गप्प झालं. डॅशबोर्डवर चावीच्या आकाराचा एक लाल दिवा लुकलुकायला लागला. तिने पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. सातव्या वेळी बाबा खाली आले, म्हणाले, "सरक जरा," आणि त्यांनी चावी फिरवताच गाडी गुण्यागोविंदाने सुरू झाली.

तिथून तीन आठवडे हेच रामायण चालू होतं. हिने फिरवली की इंजिन दोन सेकंदांत गप्प. क्वचित कधी सुरू व्हायची, तेही उपकार केल्यासारखी. बाबांनी फिरवली की पहिल्या फटक्यात. जुडगा तोच, कुलूप तेच, गाडी तीच. दुसरी चावी लावून पाहिली, तरी तोच प्रकार. बॅटरी बदलली. बॅटरीची टोकं घासून लख्ख केली. एका मेकॅनिकने बॉनेट उघडलं, दहा मिनिटं आत बघत राहिला आणि कंप्युटरचा सगळा डबाच बदला म्हणाला. काटेवाली वहीत नोंदी करायची. तारीख, वेळ, हवा गरम की गार, टाकीत डिझेल किती, कितव्या वेळी सुरू झाली. वजनकाट्याची सवय ती. नोंदी इतक्या व्यवस्थित होत्या की बघतच राहावं. अर्थ मात्र काडीचा लागत नव्हता. मंगळवारी बरी असते असं तिला काही दिवस वाटलं होतं. मग एका मंगळवारी गाडीने तेही खोटं ठरवलं.

एकदा सुरू झालेली गाडी ती एरवी दिवसभर बंदच करत नसे, पण काचेच्या कारखान्यात माल भरताना इंजिन बंद ठेवण्याचा नियम आहे. तिथे एकदा गाडी अशी रुसली की वीस वेळा फिरवूनही ढिम्म. मागे चार गाड्या खोळंबल्या. शेवटी तिने घरी फोन केला. बाबा बसने आले, इस्त्रीचा शर्ट घालून. छाती काढून केबिनमध्ये चढले आणि गाडी सुरू करून उतरले. रांगेतले ड्रायव्हर हसले. एकजण म्हणाला, "गाडीने सुनेशी अबोला धरलाय." ते वाक्य तिच्याआधी घरी पोचलं, गल्लीभर झालं, आणि भाजीच्या दुकानातही तिला कोणीतरी विचारलं, "काय, बोलली का गाडी?" ती हसून वेळ मारून न्यायची. वाईट तर वाटायचंच. नऊ वर्षं हट्टाने जपलेली इच्छा, दोन वर्षांची शिकवणी, आणि आता एक यंत्र सगळ्यांदेखत सांगत होतं की तू नकोस.

नवरा स्वभावाने गरीब. तो चिडला नाही, पण घाबरला. आडरस्त्याला गाडी अशी अडून बसली तर काय करायचं, या काळजीने त्याने जुन्या गाड्यांच्या दलालाला शब्द दिला. दलाल रविवारी येणार होता. "तुझ्यासाठीच करतोय गं," नवरा म्हणाला. "तू पुन्हा काट्यावर जा. ते लोक तुला आजही घेतील."

"मला माहीत आहे घेतील," ती म्हणाली, आणि त्या रात्री तिने वहीत काही लिहिलं नाही.

शनिवारी सकाळी तिने तारमास्तरला बोलावलं. हा गाड्यांच्या विजेची कामं करणारा माणूस, टायरबाजाराच्या मागे त्याचं दुकान. त्याची ख्याती अशी की तो हत्यार कमी चालवतो आणि प्रश्न जास्त विचारतो. बाबांना तो पसंत नव्हता. "त्याला गाडी दुरुस्त करायची नसते, तिची मुलाखत घ्यायची असते," असं त्यांचं मत. तरी तो आला तेव्हा बाबा अंगणात खुर्ची टाकून बसलेच. सासूबाई वरच्या गॅलरीत गवार मोडत बसल्या. त्यांना तिथून सगळं दिसायचं आणि ऐकूही यायचं.

तारमास्तरने आधी बॅटरी मोजली. ठीक होती. मग स्टिअरिंगखालचं प्लास्टिकचं झाकण काढलं. चावीच्या कुलपाभोवती बांगडीसारखी एक काळी रिंग होती, तिची वायर त्याने ओढून पाहिली, पिना पुसल्या, वायर परत बसवली आणि झाकण लावलं. तेही ठीक होतं. मग तो पायरीवर बसला, पाणी मागितलं, सावकाश प्यायला आणि म्हणाला, "ताई, हे कधीपासून?"

तिने वही उघडून पहिलं पान दाखवलं. "बाबांनी गाडी माझ्याकडे दिली त्या दिवसापासून."

"त्या दिवशी गाडीत काय बदललं?"

"काहीच नाही. फक्त चालवणारी बदलली."

तारमास्तरने वही चाळली. "छान लिहिलंय. हवा आहे, डिझेल आहे. चावी कशी फिरवली ते नाही कुठे."

"चावी कशी फिरवणार? फिरवतात तशीच," बाबा खुर्चीतून म्हणाले.

"मग फिरवून दाखवा ना, उस्ताद. आधी ताई, मग तुम्ही."

ती चढली. फिरवली. घरघर, गप्प, लाल दिवा. ती उतरली, बाबा चढले. गाडी सुरू. बाबांनी बाहेर बघितलं. चेहऱ्यावर काही नव्हतं, पण मिशा किंचित वर गेल्या होत्या. तारमास्तर म्हणाला, "आता पुन्हा," आणि या वेळी त्याने डोळे मिटून घेतले. ती पुन्हा चढली, पुन्हा गप्प. बाबा पुन्हा चढले, पुन्हा सुरू. चौथ्या फेरीनंतर बाबा म्हणाले, "अरे, मास्तर, मी म्हातारा माणूस आहे. चढउतार किती करायला लावशील? आणि तू झोपलास की काय?"

तारमास्तरने डोळे उघडले. "ताईंनी फिरवली की खळ्ळ असा आवाज येतो. दुसरी चावी खालच्या प्लास्टिकवर आपटते. तुम्ही फिरवली की आवाजच नाही. का नाही?"

तारमास्तरने त्यांना पुन्हा बसायला लावलं आणि म्हणाला, "चावी फिरवा, आणि हात तसाच ठेवा. हलवू नका."

सगळ्यांनी केबिनमध्ये डोकावून पाहिलं. बाबांच्या बोटांत एक चावी होती. दुसरी दिसतच नव्हती. ती त्यांनी शेवटच्या दोन बोटांनी मागे ओढून तळहातात घट्ट धरली होती. बाबा स्वतःच्याच मुठीकडे बघत राहिले. तो हात दुसऱ्या कोणाचा असावा तसे.

"ही कुठून आली सवय?" तारमास्तरने विचारलं.

बाबांना आठवलं. तरुणपणी ज्या मालकांच्या हाताखाली ते शिकले, त्यांच्या गाडीच्या जुडग्यात घराच्या, गोदामाच्या, पेटीच्या अशा आठदहा चाव्या असत. तो जुडगा लोंबकळला की त्याच्या वजनाने कुलूप झिजायचं. म्हणून मालक बोटांवर पट्टी मारायचे, बाकीच्या चाव्या मुठीत धर. पट्टीची भीती गेली, मालक गेले, सवय राहिली. "मला माहीतच नव्हतं मी असं धरतो ते," बाबा म्हणाले. "नाहीतर हिला शिकवलं नसतं का?"

"बरोबर. जे आपण करतो हेच आपल्याला माहीत नाही, ते शिकवणार कसं," तारमास्तर म्हणाला आणि सुनेकडे वळला. "ताई, आता तुम्ही तशीच धरा."

तिने दुसरी चावी मुठीत ओढून धरली आणि फिरवली. गाडी सुरू झाली. तिने बंद केली, पुन्हा फिरवली. सुरू. पुन्हा. पाचव्या वेळी ती मोठ्याने हसली आणि हसता हसता डोळे पुसू लागली.

मग तारमास्तरने समजावून सांगितलं. गाडी कोणी चोरू नये म्हणून तिच्यात एक पहारेकरी बसवलेला असतो, इमोबिलायझर म्हणतात. चावीच्या काळ्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. कुलपाभोवतीची रिंग विचारते, कोण आहे? चिप आपला नंबर सांगते. नंबर ओळखीचा असला की इंजिन चालू राहतं. "पण तुमच्या दोन्ही चाव्या खऱ्या आहेत. दोन्ही रिंगजवळ आल्या की दोघी एकदम बोलतात. रिंगला एकीचंही नीट ऐकू येत नाही. मग ती समजते चोर आला, आणि इंजिन बंद करते."

वरून सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे जेवायला बसल्यावर होतं तेच."

तारमास्तरने पक्कड घेऊन कडी उघडली. ती इतकी घट्ट होती की तीन आठवड्यांत कोणी ती उघडण्याच्या फंदात पडलं नव्हतं. आणि फंदात पडावं असं कोणाच्या मनातही आलं नसतं. बाबांनी विश्वासाने दिलेला जुडगा तो, सोडायचा कसा? त्याने एक चावी काटेवालीला दिली आणि दुसरी हातात धरून म्हणाला, "ही घरात राहू द्या. दोघी पुन्हा एकत्र आणायच्या नाहीत, एवढंच. डबा बदलायचा नाही, काही नाही." आणि त्याने ती जादा चावी साहजिकच घरच्या वडीलधाऱ्या माणसापुढे केली.

बाबांनी हात पुढे केला नाही.

"मला नको," ते म्हणाले.

"का हो, बाबा?" तिने विचारलं.

बाबा खुर्चीवर जाऊन बसले. त्यांनी मिशी चाचपली. मग, तारमास्तर समोर आहे, बायको वरून ऐकते आहे, याची पर्वा न करता बोलले. "एक चावी माझ्याकडे राहिली असती तर एखाद्या पहाटे मी खाली आलो असतो. कडेचं दिसत नाही म्हणून कोणाला तरी उडवलं असतं. म्हणून मी दोन्ही तुला दिल्या. तुझ्यावर विश्वास होता म्हणून नाही दिल्या. म्हणजे तो होताच. पण माझ्यावर नव्हता."

बाबांचं अजून संपलं नव्हतं.

"आणि आणखी एक सांगतो. गाडी तुझ्याकडून सुरू व्हायची नाही ना, तेव्हा मला बरं वाटायचं. मी वर बसून वाट बघायचो कधी हाक मारतेस. त्या दिवशी कारखान्यात बोलावलंस तेव्हा तर मी शर्टाला इस्त्री केली."

गॅलरीतलं गवार मोडणं थांबलं होतं. तारमास्तर उगाचच पेटी आवरू लागला.

"बाबा, तीन आठवडे मी नीट झोपले नाही," ती म्हणाली. आता ती खरोखर रागावली होती. "लोक हसत होते. उद्या दलाल येणार आहे. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय, मला जमतच नाही. आणि तुम्हाला बरं वाटत होतं?"

"हो," बाबा म्हणाले. "वाईटही वाटायचं. पण बरं आधी वाटायचं."

इतकं खरं बोलणाऱ्या माणसावर रागवायचं तरी किती वेळ? तरी ती दुपारपर्यंत रागावली, कारण तेवढा तिचा हक्क होता. जादा चावी सासूबाईंनी ताब्यात घेतली. त्यांना गाडी येत नाही आणि त्यांच्याकडून एखादी वस्तू काढून घेणं आजवर घरात कोणाला जमलेलं नाही. नवरा दुकानातून आला तेव्हा तिने त्याला खाली नेलं आणि दहा वेळा गाडी सुरू करून दाखवली. सहाव्या वेळी तो म्हणाला, "कळलं, कळलं." तिने उरलेल्या चार वेळाही करून दाखवली. दलालाला नको म्हणून सांगायला त्याने फोन लावला, पण दलालाने तो उचलला नाही. दलाल लोक नको असलेले फोन आधीच ओळखतात.

त्यामुळे रविवारी दहा वाजता तो दारात हजर झाला. गाडीभोवती फिरला, टायरला लाथ मारून बघितली, आणि गाडी पुसत असलेल्या काटेवालीला ओलांडून थेट बाबांना म्हणाला, "उस्ताद, चावी द्या. एक चक्कर मारून बघतो."

तिचा हात थांबला. घर बाबांचं, गाडी बाबांच्या घामाची. काल कितीही बोलणं झालं असलं तरी त्यांनी आज विकायची म्हटलं असतं तर ती काय करणार होती? बाबांनी दलालाकडे बघितलं, मग गाडीकडे.

"मला काय विचारता?" ते म्हणाले. "मालकीण तुमच्यासमोर उभी आहे. तिला विचारा. पण ती द्यायची नाही, आणि मी तिच्या जागी असतो तर मीही दिली नसती."

दलालाने तिच्याकडे पाहिलं. नऊ वर्षं जे वाक्य तिच्या तोंडात बसलं होतं ते तिने वापरलं नाही. ती नुसतीच मान हलवून नाही म्हणाली, अगदी सौजन्याने, आणि त्याला चहा विचारला. तो चहा पिऊन गेला.

संध्याकाळी ती पायरीवर बसून दुसऱ्या दिवशीचे पत्ते लावत होती. सात दुकानं होती, आणि त्यात एक अशा चिंचोळ्या गल्लीत की तिथून ट्रक मागे घेताना तिला घाम फुटायचा. बाबा आले. नेहमीसारखे खाकरले नाहीत, येऊन उभे राहिले.

"उद्या कारखान्याला कितीला निघणार?"

"साडेसहाला."

"हं," बाबा म्हणाले. मग बुटाच्या टोकाने एक खडा बाजूला सारला. उभं आयुष्य त्यांनी त्या धंद्यात काढलं होतं, आणि गाडीत बसण्यासाठी आजवर कोणाची परवानगी घेतली नव्हती. "मी येऊ का गं? पलीकडच्या सीटवर बसेन."

तिने कागद बाजूला ठेवले. तिला एकदम रडू येईल असं वाटलं, म्हणून तिने चेहरा कडक केला. "एका अटीवर. बोलायचं नाही."

"अजिबात?"

"अजिबात."

"गियर चुकला तर?"

"चुकणार नाही."

अट सोपी नव्हती आणि बाबा खोटं कबूल करणारे नव्हते. "पहिल्या दुकानापर्यंत नाही बोलणार," ते शेवटी म्हणाले. "पुढचं बघू."

"सव्वासहाला तयार राहा," ती म्हणाली. "उशीर झाला तर थांबणार नाही."